दिवसाउजेडी सांगितलेली गोष्ट

फाल्गुन उतरणीला लागला की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. चहा ठेवते आणि साखर घालायला विसरते. वर्गात शिकवता शिकवता खिडकीपाशी जाते, फळ्याकडे येते, पुन्हा खिडकीपाशी. पोरं एकमेकांना खुणा करतात, मॅडमचं सुरू झालं. वाशिमच्या बाहेर, रिसोडच्या रस्त्याला कुणाच्या तरी शेतात हळद शिजत असते आणि दिवस कलायला लागला की तो वास गावात शिरतो. थोडा उकडलेल्या रताळ्याचा, थोडा ओल्या मातीचा, थोडा औषधाच्या दुकानाचा. तो आला की मला वाटतं, उद्या माझा पेपर आहे आणि अभ्यास काहीच झालेला नाही. परीक्षा घेणारी मी, पर्यवेक्षकांच्या पाळ्या लावणारी मी, आणि भीती मात्र विद्यार्थिनीची.

नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखव एकदा. काय दाखवू? हळदीचा वास येतो आणि मला पळून जावंसं वाटतं, असं सांगू? कुठे, म्हणून विचारलं तर तेही सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत ते माझं मलाच कळलेलं नाही.

ज्या हंगामाचं हे देणं आहे त्या हंगामात मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. केनवडजवळ आमचं शेत. बाबा भाजीपाला करायचे, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात हळद. अभ्यासाच्या सुट्टीत मी विद्यापीठाच्या वसतिगृहातून घरी आले होते. पिशवीत ‘जागतिक साहित्य आणि संस्कृती’ नावाच्या पेपरचे झेरॉक्स कागद आणि डोक्यात एकच धाकधूक, की हा पेपर मला देता येणार की नाही. कारण मामानं स्थळ आणलं होतं. मुलगा पुण्याकडच्या एका कारखान्यात, घरचे शेलूबाजारचे. त्यांना आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर लग्न उरकायचं होतं आणि माझे पेपर आखाजीनंतर सुरू व्हायचे होते.

“एम.ए. काय, लगन झाल्यावर बी होते,” असं जो येईल तो म्हणायचा. होत नाही हे म्हणणाऱ्यालाही माहीत होतं आणि ऐकणारीलाही. गावात ज्यांचं शिक्षण लग्न झाल्यावर होणार होतं अशा दोघी-तिघी होत्याच. त्यातली एक आमच्याच शेतात हळदीचे गड्डे तोडायला यायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलेलं, मांडीवर पोरगं. मी तिच्याशी बोलायचं टाळायची. तिचं काही चुकलेलं नव्हतं, पण तिच्याकडे बघितलं की मला धाप लागायची.

आणि मामा काही वाईट माणूस नव्हता, हेच तर अवघड होतं. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. आईचा एकुलता एक मोठा भाऊ. शेलूबाजारच्या स्टँडवर त्याची काळीपिवळी जीप. वडील लवकर गेल्यावर आईला त्यानंच वाढवलं, तिचं लग्न त्यानंच लावून दिलं. मला विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा माझी ट्रंक त्यानंच स्वतःच्या गाडीवर बांधून नेली आणि वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत डोक्यावर वाहिली. वर पोचल्यावर म्हणाला, “येवढ्या वर ठेवलं तुले? पानी तरी चढते का अठी?” त्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत.

विद्यापीठात शिकवत होते ते भलतंच होतं. त्या पेपरच्या तासाला आम्ही एका दुपारी तीन खंड फिरून यायचो आणि मेसमध्ये येऊन पुन्हा तीच पातळ डाळ. कुठे बर्फावरून गाड्या ओढणारी कुत्री, कुठे मेलेल्या पूर्वजासाठी रोज एक घोट वेगळा काढून ठेवणारी माणसं, कुठे नदीलाच आजी म्हणणारी. मला आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी राग यायचा. जग एवढं मोठं आहे हे सांगायला आमच्याकडे इतकी वर्षं कुणी का आलं नाही? मी केनवड ते रिसोड, रिसोड ते वाशिम एवढ्यालाच प्रवास समजत होते. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर मी कागद घेऊन बसायची आणि एक पान वाचून झालं की उठून फाटकापर्यंत चालत जायची. माझी खोलीतली मैत्रीण शबाना, मंगरूळपीरची, तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान. ती वरून ओरडायची, “ज्योती, गेट पे कौन खडा है तेरा? बार बार कायको जाती?” कुणीच नव्हतं. तेच तर.

एके दिवशी तो पेपर शिकवणाऱ्या मॅडमनी वर्गात एक वेगळंच काढलं. गोष्टी काय असतात हे बाजूला ठेवून गोष्टी कधी सांगतात, ते. आफ्रिकेच्या दक्षिणेकडे म्हणे काही लोकांत दिवसा गोष्ट सांगणाऱ्याला शिंगं फुटतात. उत्तर अमेरिकेतल्या काही जमाती बर्फ पडल्याशिवाय गोष्टीला तोंडच लावत नाहीत, उन्हाळ्यात सांगितली तर साप ऐकतो. सगळी पोरं पोटभर हसली. मॅडमनी विचारलं, तुमच्याकडे? सगळे वह्यांत बघायला लागले. माझे कान तापले. आमच्याकडे होतं ना. पण ते आईचं होतं, चुलीपुढचं होतं, ते इथे काढायचं कसं? शेवटी मी उभी राहिले आणि म्हणाले, “आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो.”

शिंगांना हसले त्यापेक्षा जास्त हसले. मग मागून शबाना म्हणाली, “हमारे में तो मुसाफिर रस्ता भूलते. कोई बी मुसाफिर. तुम्हारा अच्छा है, एकीच मामा का नुकसान.” मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या टेबलाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “हाच तुझा प्रकल्प. कोण सांगतं, कोण चुकतं, का चुकतं. घरी जाशील तेव्हा विचारून ये. तोंडी परीक्षेत हेच विचारणार.”

त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले नाही. आईची एक साधी धाकाची गोष्ट, आणि तिची चुलत भावंडं पार जगाच्या टोकापर्यंत पसरलेली! आपण कुणाचे तरी कुणीतरी आहोत असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. हे पूर्ण करायचंच, असं ठरवून मी घरी आले आणि अंगणात पाऊल ठेवायच्या आत आईनं आनंदानं सांगितलं की मामा पाहुणे घेऊन येणार आहे.

हळदीच्या हंगामात आमच्या शेतात पाय ठेवायला जागा नसायची. एका बाजूला भाड्यानं आणलेला वाफेचा कुकर, त्याच्या टाक्यांतून शिट्टीसारखा आवाज आणि पांढरी वाफ. दुसऱ्या बाजूला शिजलेली हळद वाळत घातलेली, आणि मधे कडुनिंबाखाली बायकांची रांग, गड्ड्यांपासून हळकुंडं तोडणारी. त्यांची म्होरकी गोदामावशी. आवाज असा की विहिरीपलीकडचा माणूस वळून बघावा. सगळ्यांचे हात, टाचा, पदराची टोकं पिवळी. माझेही. हात पिवळे झाल्याचा विनोद त्या दिवसांत इतक्यांनी इतक्यांदा केला की मी हसायचं सोडून दिलं होतं.

प्रकल्पाची पंचाईत पहिल्याच दिवशी झाली. बायका सापडायच्या दिवसा, आणि दिवसा गोष्टीचं नाव काढायची सोय नाही. संध्याकाळी त्या घरी जाऊन भाकरी थापायच्या, त्यांना कुठे वेळ? आणि आईचा पहारा कडक. आई काही फार देवभोळी नव्हती. मांजर आडवं गेलं तर ती मांजरालाच शिव्या घालायची. पण या एका बाबतीत ती कुणाचं ऐकत नसे. तिचा भाऊ दिवसभर रस्त्यावर असायचा ना. मी लहान असताना एकदा त्याची जीप नाल्यात उतरली होती. त्याला फक्त खरचटलं, पण त्याच दुपारी शेजारच्या ओसरीवर कुणीतरी पोरांना राक्षसाची गोष्ट सांगत होतं, एवढं आईला कायमचं पुरलं.

मी तिला छेडायची. “मंग व्रताची कहाणी दुपारी कशी सांगता?”

“ते कहानी. ते देवाची हाय. देव वाट दाखवते, चुकवत नाई.”

“अन् टीव्ही?”

“टीव्ही सांगत नाई, दाखवते.” आणि वर, “तुले पुस्तकात सारं जग सापडलं, पन माहा भाऊ एकच हाय. तोंड बंद ठेव.”

याच्यातून वाट काढली गोदामावशीनं. एका दुपारी मी झाडाला टेकून झेरॉक्स वाचत होते, अर्धं डोकं कागदात आणि अर्धं येणाऱ्या पाहुण्यांत. मावशी म्हणाली, “काय वाचून राह्यली वो पोरी येवढं? ओठ हालून राह्यले तुहे. आमाले बी आयकू दे.”

“गोष्ट आहे मावशी. दिवसा चालत नाही.”

“पुस्तकातली हाय ना? परीक्षेची?”

“हो.”

“मंग ते गोष्ट नाई. अभ्यास हाय.” तिनं आईकडे तोंड करून विचारलं, “काय वो, अभ्यासानं कोनी वाट चुकते का?”

आईनं विचार केला. खरंच केला, हातातलं सूप खाली ठेवून. मग म्हणाली, “अभ्यासाचं चालन. पन गोष्ट म्हनायचं नाई.”

झालं. तेव्हापासून रोज दुपारी भाकरी खाऊन झाली की रांगेतून हाक यायची, “ज्योती, अभ्यास सांग!” आणि मी सांगायची. बर्फातल्या म्हाताऱ्याचा अभ्यास. नदीला आजी म्हणणाऱ्यांचा अभ्यास. वाद व्हायचे. नदी आजी असेल तर पूर येतो तेव्हा तिला काय म्हणतात? म्हातारा बर्फात एकटा राहतो तर त्याची सून कुठे गेली? आमच्या वर्गात एवढे प्रश्न कुणी विचारले नव्हते, कारण तिथे सगळ्यांना फक्त पास व्हायचं होतं. हळकुंडं कटकट तुटत राहायची आणि माझ्या तोंडून कुठल्या कुठल्या देशांची माणसं आमच्या कडुनिंबाखाली येऊन बसायची. आई लांबूनच ऐकायची. ऐकत नाही असं दाखवून.

ते दिवस सुखाचे होते असं आता लिहावंसं वाटतं, पण ते खोटं होईल. मला एक क्षण स्वस्थता नव्हती. रात्री पडल्या पडल्या आखाजीपर्यंतचे दिवस मोजायची, सकाळी उठून मेथी निवडताना उत्तरं पाठ करायची. मामाचा फोन वाजला की उठून विहिरीकडे चालायला लागायची. आईनं साडी काढून ठेवली होती, शेजारणीकडून चांगल्या कपबश्या आणल्या होत्या. मी तिला एकदाच म्हणाले, “आई, पेपर झाल्यावर नाही का येता येणार त्यांना?” ती म्हणाली, “दादानं शब्द देल्ला हाय. त्याच्या शब्दाच्या आड मी कधी गेली नाई.” आणि ती खरंच कधी गेली नव्हती. त्यानं दाखवलेल्या घरी नांदली, त्यानं आणलेली प्रत्येक साडी तिनं नेसली. भावाकडे तिनं कधी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मी पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

परीक्षेत या रूढीचं कारण विचारलं तर लिहायचं उत्तर मॅडमनी दिलं होतं. कामाच्या वेळी काम बुडू नये म्हणून जुन्या लोकांनी घातलेली भीती. उत्तर बरोबर आहे, मी आजही पोरांना तेच सांगते. पण मला ते पुरं वाटत नाही. गोदामावशी गोष्ट ऐकता ऐकता दुप्पट हळकुंडं तोडायची, काम कुठे बुडत होतं? मला वाटतं, घरातल्या माणसाचं मन रस्त्यावरच्या माणसाला धरून असतं. तो आता फाट्यावर असेल, आता पुलावर असेल, असं ते त्याला हाताला धरून आणत असतं. गोष्ट सुरू झाली की ते मन उठून दुसऱ्याच गावाला जातं आणि धरलेला हात सुटतो. आईची भीती तीच असावी. तिनं इतकी वर्षं भावाचा हात सोडलाच नव्हता.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. ऊन सकाळीच चढलं. मामाचा फोन आला की निघालोय, वाटेतलं मालेगाव गाठतो आणि येतोच. आई पोहे भिजवायला घरात गेली. शेतातच एक खोली होती आमची, तिथे. मला नवी साडी नेसवून बसवून ठेवलं होतं, पण मला बसवेना. मी उठले, साडी वर खोचली आणि सरळ कडुनिंबाखाली जाऊन बायकांच्या पुढे उभी राहिले.

“आज अभ्यास नाही,” मी म्हणाले. “आज गोष्ट सांगते.”

रांगेतले हात थांबले. गोदामावशीनं माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. “पोरी,” ती हळू आवाजात म्हणाली, तिचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, “मामा गाडीवर हाय तुहा.”

“म्हणूनच,” मी म्हणाले.

मी जगाचं साहित्य शिकलेली मुलगी होते. शिंगं फुटण्याला हसणाऱ्या वर्गात बसलेली. आणि भर सकाळी उन्हात उभी राहून मी माझ्या मामाची वाट चुकवायला निघाले होते.

एका बेटाची गोष्ट होती. तिथली मुलगी नांदायला दुसऱ्या बेटावर निघाली की तिची सावली होडीत बसत नाही. पाणी सावलीला घेत नाही. ती काठावरच राहते आणि मुलगी सावलीशिवाय सासरी जाते. तिथे ती राबते, हसते, तिला लेकरं होतात, पण भर उन्हात तिच्या पायाशी काही पडत नाही. तर अशीच एक मुलगी नटूनथटून काठावर आली, तिनं एक पाय होडीत ठेवला, आणि मागे वळून बघितलं तर सावली वाळूवर बसून राहिलेली.

इथपर्यंत मी सांगितलं आणि माझी जीभ अडकली. मला मामा दिसला. त्याचं ते एक हात खिडकीबाहेर ठेवून चालवणं, ट्रक समोर आला की शेवटच्या क्षणी बाजूला घेणं. मला मामा चुकायला हवा होता, पण पडायला नको होता. फाट्यावर चुकू दे, नाल्यावर नको. एवढा बारकावा गोष्टीला कळतो का? मी भ्यायले. खरंच भ्यायले. पिवळे तळवे मी नव्या साडीला पुसले.

“थांबते मी,” मी म्हणाले. “नाही सांगत पुढे.”

“अवो बाई, तसं करू नोको!” गोदामावशी उठूनच उभी राहिली. “अर्धी सोडली तं तो अर्ध्या वाटंतच राहीन. आता सुरू केली तं पुरी कर.”

दुसरी म्हणाली, “नाई, नोको करू. आंधी फोन लाव त्याले.” तिसरी म्हणाली, फोन उचलायच्या नादातच माणसं पडतात. रांगेत एकच गलका झाला. पुरी केली तर वाट चुकते, सोडली तर मधेच अडकते. मी उभी, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जगाच्या पाठीवरच्या कुठल्याच पुस्तकात अशा वेळी काय करायचं ते दिलेलं नव्हतं.

मागे आई उभी होती. तिच्या हातात ओल्या पोह्यांची चाळणी होती, पाणी निथळून पायावर पडत होतं. ती कधीची ऐकत होती कोण जाणे. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. दिवसा, गोष्ट म्हणून, आणि तिचा भाऊ रस्त्यावर.

“मंग?” आई म्हणाली.

मी मान हलवली.

“मंग काय झालं त्या पोरीचं? पाय होडीत हाय ना तिचा एक?”

“हो.”

आईनं चाळणी कमरेला टेकवली. मग बायकांकडे बघून, जणू हे तिला कधीचंच पाठ होतं अशा आवाजात म्हणाली, “मंग ते पोरगी खाली उतरली. होडीतून. अन् सावलीजवळ जाऊन बसली.”

“अन्?” गोदामावशीनं विचारलं.

“अन् काई नाई. संपली.” चाळणी तिनं माझ्या हातात दिली, कमरेचा फोन काढला आणि ती कुकरच्या पलीकडे गेली. वाफेच्या आवाजात ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. दोन वाक्यं बोलली असेल नसेल. परत येऊन तिनं पोहे फोडणीला टाकले.

मग आम्ही वाट बघितली. बाबा दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. पोहे गार झाले, परत गरम केले, परत गार झाले. मामाचा फोन बंद. मी सारखा त्याचा नंबर फिरवत होते, आणि माझ्या आईचं मात्र चाललं होतं रोजचंच. भांडी घासली, मेथीच्या जुड्या बांधल्या. तिच्या भावाचा फोन लागत नाही आणि ही जुड्या बांधतेय, याचा मला इतका राग आला की मी तिच्यावर ओरडले. ती एवढंच म्हणाली, “त्याले काई होत नाई.”

दिवस मावळायच्या सुमाराला बाबांचा फोन वाजला. मामा होता. त्याचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता. “भाऊजी, वाट चुकलो ना मी! मालेगावातून शिरपूरच्या रस्त्याले लागलो. समजलंच नाई. मंग शिरपूर आलंच व्हतं तं पाहुन्याले मंदिर दाखवलं, अन् वापस नेलं. ते म्हनते शकुन चांगला नाई. पयल्याच दिवशी वाट चुकली तं हे सोयरीक नोको म्हनते.”

बाबांनी फोन खिशात टाकला. “उभा जन्म याच रस्त्यानं गाडी मारली यानं,” ते म्हणाले. “डोळे बांधून सोडला तरी घरी येईल. अन् हा चुकला?” कडुनिंबाखाली बायका घरी जायला निघाल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. गोदामावशीनं दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मी खोलीत जाऊन साडी सोडली आणि रडले. मामा सुखरूप होता म्हणून, आणि माझा पेपर वाचला म्हणून. कुठलं रडणं कशाचं, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नाही.

मी पेपर दिले. तोंडी परीक्षेत सगळं सांगितलं, शिंगं, साप, शबानाचा मुसाफिर, माझा मामा. त्या दिवसाचं मात्र सांगितलं नाही. प्रबंध झाला, नोकरी लागली, लग्न झालं, माझ्या मनानं आणि माझ्या वेळी. पण ज्या जगासाठी तो सगळा आटापिटा केला ते जग मी काही बघितलं नाही. समुद्र एकदा बघितला, सहलीच्या पोरांना मोजता मोजता. वर्षाला नवी पोरं येतात, शेलूबाजारची, शिरपूरची, केनवडची, आणि मी त्यांना सांगते की जग फार मोठं आहे. त्यातली एखादी तास संपल्यावर फाटकापर्यंत जाऊन उभी राहते. मी खिडकीतून बघते आणि मला तिला हाक मारावीशी वाटते, पण काय सांगणार? मलाही अजून तिथेच जाऊन उभं राहावंसं वाटतं.

मामाच्या नावाला तो दिवस कायमचा चिकटला. शेलूबाजारच्या स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर त्याला विचारायचे, “काय मामा, केनवड कोनीकडं हाय?” नवीन प्रवासी बसला की त्याला मुद्दाम सांगायचे, याच्या गाडीत बसू नका, शिरपूरला नेऊन सोडेल. इतकी वर्षं न चुकता गाडी चालवलेल्या माणसाला हे किती लागत असेल! तो हसून सोडून द्यायचा. मला कधी कधी वाटायचं, माझ्या त्या अर्ध्या गोष्टीनं याचं नाव घालवलं. शिकलेली बाई मी, तरी वाटायचं.

यंदा फाल्गुनात मामा डोळे दाखवायला वाशिमला आला. जीप कधीच विकली त्यानं. आमच्याकडेच राहिला. संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो, वारा आला, हळदीचा वास आला आणि माझं सुरू झालं. उठले, कठड्यापाशी गेले, परत आले. डोळ्यांत थेंब घातलेले असल्यामुळे त्याला मी दिसत नव्हते, पण पायांचा आवाज ऐकू येत होता.

“बस ना वो खाली,” तो म्हणाला. “कायले येरझारा घालून राह्यली?”

मी बसले. आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. “मामा, त्या दिवशी तुमी नेमके कुठी चुकले?”

तो हसला. “चुकतो काय मी? मालेगावच्या फाट्यावर उभा व्हतो. पाहुने चहा पिऊन राह्यले व्हते. तुह्या मायचा फोन आला.”

“काय म्हणाली?”

“म्हने, दादा, आज वाट चूक.”

मी त्याच्याजवळ सरकले.

“मी म्हनलं, अवो पाहुने हायेत संगं, मी शब्द देल्ला हाय, तं तिनं फोन ठेवला व्हता.” मामानं बंद डोळे रुमालानं टिपले. थेंब ओघळत होते. “जिंदगीभर माही वाट तिनंच सांभायली पोरी. तिनंच म्हनलं चूक, तं चुकलो.”